नांदेडहून पंजाब विमानाने सव्वादोन तास; मग नर्सीहून घुमानला जायला अख्खा दिवस का लागतो?

हिंगोली : मोबाईलवर 'नांदेड ते अमृतसर अंतर' असं टाकलं की लगेच उत्तर येतं. हवाई अंतर साधारण १,४०० किलोमीटर, विमानाचा वेळ सव्वादोन ते अडीच तास. ते पाहून कुणालाही वाटेल, सकाळी चहा घेऊन निघालं की दुपारच्या जेवणाला पंजाबात. पण नर्सी नामदेवच्या माणसाने घुमानला जायचं ठरवलं तर हा हिशोब कागदावरच राहतो. अंतराचा आकडा बरोबर आहे आणि विमानाचा वेळही बरोबर आहे. फक्त तो वेळ एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचा आहे, एका घरापासून दुसऱ्या गावापर्यंतचा नाही.

हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. हिंगोली तालुक्यातलं नर्सी हे संत नामदेव महाराजांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं. पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान ही त्यांची उत्तरेतली कर्मभूमी. गुरु ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हापासून इकडच्या वारकऱ्यांमध्ये 'एकदा घुमान पाहायचंच' ही इच्छा आणखी वाढली. त्यात वयस्क माणसं जास्त. त्यांच्यासाठी प्रवास नऊ तासांचा की चाळीस तासांचा, यावरच जायचं की नाही हे ठरतं.

अंतर कसं मोजतात?

मोबाईल दाखवतो ते हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून दोन विमानतळांमध्ये दोरी ताणली तर ती जेवढी भरेल तेवढं. वाटेत डोंगर, नदी, वळण काही धरत नाहीत. नांदेडहून असं सरळ अंतर काढलं तर हैदराबाद सुमारे २४५ किलोमीटर, पुणे ३६५, मुंबई ४७०, बंगळुरू ६६५, दिल्ली १,०४० आणि अमृतसर १,४१५ किलोमीटरच्या आसपास येतं. थोडा फरक इकडे-तिकडे होऊ शकतो, पण हे आकडे बदलत नाहीत.

जेट विमान वर गेल्यावर तासाला ८०० किलोमीटरच्या आसपास धावतं. त्या हिशोबाने अमृतसर पावणेदोन तासांत यायला हवं. तिकिटावर मात्र जास्त वेळ असतो. कारण विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरताना वेग कमी करणं, उतरायला परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणं हे सगळं त्यात आलं. शिवाय 'उशीर झाला' असं म्हणायची वेळ येऊ नये म्हणून कंपन्या दहा-पंधरा मिनिटं वाढवूनच वेळ लिहितात.

नर्सी ते घुमान : तासांचा हिशोब

आता प्रवास घरापासून मोजू. नर्सीहून हिंगोली आणि तिथून कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर मार्गे नांदेड हा रस्ता शंभर किलोमीटरच्या थोडा वर जातो. हिंगोलीपासून पुढचा राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर अडीच तास धरावेत. एसटीने बस बदलत जायचं तर साडेतीन तासही लागतात, आणि बसस्थानकापासून विमानतळापर्यंत रिक्षा वेगळी.

विमानतळावर सुटायच्या वेळेआधी दीड-दोन तास पोहोचावं लागतं. देशांतर्गत विमानाचं सामान घेणारं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं. पाच मिनिटं उशीर झाला तरी एसटीसारखं पळत जाऊन चढता येत नाही. त्यानंतर थेट विमान असेल तर सव्वादोन तास उडणं. उतरून सामान हातात यायला अर्धा तास. मग अमृतसर विमानतळ ते घुमान सत्तरेक किलोमीटर, म्हणजे आणखी दीड-पावणेदोन तास.

बेरीज केली तर साडेआठ ते नऊ तास होतात. त्यात हवेतले फक्त सव्वादोन. म्हणजे चारातला एकच तास विमानात जातो, बाकीचे तीन जमिनीवर. पहाटे निघालेला माणूस सगळं सुरळीत झालं तर दुपारी तीन-चारला घुमानला पोहोचतो. विमान दुपारचं असेल तर रात्रच होते.

रेल्वेशी तुलना केली तर तरीही फरक मोठा आहे. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस सुमारे दोन हजार किलोमीटर फिरून साधारण दीड दिवस घेते. नर्सीपासून घुमानपर्यंत धरलं तर चाळीस तासांच्या आसपास जातात. या गाडीत वाटेत प्रवाशांना मोफत लंगर मिळतो, तिकीट विमानापेक्षा पुष्कळ कमी लागतं, पाय पसरून झोपता येतं. त्यामुळे वेळ असेल त्याला ही गाडी आजही परवडते. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा चार दिवसांचीच सुट्टी असलेल्या मुलाला तीस तास वाचणं ही मोठी गोष्ट आहे.

लांबचं असेल तरच विमान फायद्याचं

या हिशोबातून एक गोष्ट लक्षात येते. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाचा जमिनीवरचा वेळ जवळपास ठरलेला आहे. घर ते नांदेड, विमानतळावरचं थांबणं, उतरल्यावर सामान आणि पुढचा रस्ता मिळून सहा तास कुठेही जायचं असलं तरी लागतातच. विमान ५०० किलोमीटर उडो की १,४०० किलोमीटर, हे सहा तास कमी होत नाहीत.

म्हणून जवळच्या शहरासाठी विमानाचा फायदा फारसा राहत नाही. हैदराबादचं उदाहरण घ्या. विमान तासाभरात पोहोचतं, पण तिथला विमानतळ शमशाबादला, शहराबाहेर. हिंगोलीहून निघून हैदराबाद शहरात शिरेपर्यंत सात तास होतातच. रेल्वे किंवा रस्त्याने त्याहून एक-दोन तास जास्त लागतील, पण पैसे बरेच वाचतील. पुण्याचंही थोडंफार तसंच.

मुंबईला फायदा मधला आहे. मार्च २०२४ मध्ये जालना-मुंबई जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वंदे भारत नांदेडपर्यंत वाढली. नांदेड ते मुंबई हे ६१० किलोमीटर वंदे भारत साडेनऊ तासांत कापते. विमान सव्वा तासात जातं, पण घरापासून मोजलं तर हिंगोलीकराचे सात-साडेसात तास जातात. म्हणजे आठ तास वाचतील असं वाटतं तिथे प्रत्यक्षात चार-पाचच वाचतात. दवाखान्याची तातडी किंवा दुसऱ्या दिवशी मंत्रालयातलं काम असेल तर तेवढेही मोलाचे. नाहीतर गाडी पुरते.

खरा फायदा बंगळुरू, दिल्ली आणि पंजाबला जाणाऱ्याला आहे. तोही तालुक्यानुसार वेगळा. वसमतचा माणूस तासाभरात नांदेड गाठतो. कळमनुरीचा दीड तासात. सेनगावच्या माणसाला मात्र हिंगोलीपर्यंतच पाऊण तास जातो आणि पुढे नांदेडचा रस्ता आहेच. एकाच जिल्ह्यात एकाच विमानासाठी दोन तासांचा फरक पडतो, तो असा.

विमान आहे, पण आज आहे का?

आतापर्यंतचा सगळा हिशोब 'थेट विमान असेल तर' या अटीवर होता. अडचण नेमकी तिथेच आहे.

नांदेडच्या विमानतळाचं भाग्य उघडलं ते २००८ मध्ये. गुरु गोविंदसिंगजींचं १७०८ मध्ये नांदेडला निर्वाण झालं. त्याच्या त्रिशताब्दीसाठी, म्हणजे गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी, विमानतळ नव्याने उभा राहिला. मोठी विमानं उतरू शकतील अशी सोय झाली. पण सोहळा संपल्यावर नियमित विमानं टिकली नाहीत.

२७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमल्यातून 'उडान' योजना सुरू केली. त्या पहिल्या दिवसाच्या मार्गांमध्येच नांदेड-हैदराबाद होतं. ट्रूजेट कंपनीने ते विमान चालवलं, पुढे मुंबईही जोडली. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने नांदेड-अमृतसर थेट विमान सुरू केलं, सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस. नर्सी-घुमान जोडणारा सगळ्यात सोपा मार्ग तोच होता. २०२० मध्ये कोरोना आला आणि त्याची घडी मोडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची विमानंच बंद पडली. नांदेडचा विमानतळ पुन्हा ओस पडला.

३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरने नांदेडला परत आकाश दाखवलं. बंगळुरू, हैदराबाद, दिल्लीजवळचं हिंडन आणि पंजाबातलं आदमपूर अशी जोडणी झाली. आदमपूर हे जालंधरजवळ आहे आणि तिथून घुमान रस्त्याने जवळपास अमृतसर विमानतळाएवढंच पडतं. हिंडनला थांबून जायचं असल्याने वेळ दीड तासाने वाढतो, पण तरीही घुमान एका दिवसात येतं.

सुरू झालं, बंद पडलं, परत सुरू झालं, हे नांदेडपुरतंच नाही. उडान योजनेबद्दल कॅगचा अहवाल २०२३ मध्ये संसदेत आला. त्यानुसार मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर एकही विमान उडालं नाही. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ नीच ठरलेली तीन वर्षं पूर्ण केली. आणि मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले फक्त ५४.

कारण योजनेच्या रचनेतच आहे. उडानमध्ये विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरावीक कमी दरात विकायच्या असतात. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये अशी मर्यादा होती. त्यातून कंपनीला येणारी तूट केंद्र आणि राज्य मिळून भरून देतात, पण तीनच वर्षं. तेवढ्या काळात प्रवासी जमले नाहीत तर चौथ्या वर्षी कंपनी विमान दुसरीकडे नेते. एसटीच्या भाषेत सांगायचं तर गावची गाडी भारमान नाही म्हणून बंद होते, तसंच.

दक्षिणेला जाऊन उत्तरेला पोहोचायचं

थेट विमान नसेल त्या दिवशी काय होतं? मग नांदेडहून आधी हैदराबाद किंवा बंगळुरू गाठायचं आणि तिथून अमृतसरचं विमान पकडायचं. म्हणजे उत्तरेला जायला आधी दक्षिणेला जायचं. हैदराबादहून अमृतसर सरळ अंतर १,६५० किलोमीटरच्या आसपास. नांदेडपासूनचे २४५ धरले तर १,४१५ ऐवजी जवळपास १,९०० किलोमीटर उडावं लागतं. पण खरा वेळ जातो मधल्या थांब्यात. दोन विमानांच्या वेळा जुळल्या तर तीन तास, नाही जुळल्या तर सहा-सात तास, कधी मुक्कामही. नर्सी ते घुमान मग चौदा-पंधरा तासांवर जातं.

आठवड्यात दोन-तीनच दिवस विमान असेल तर आणखी एक वेळ मोजावा लागतो, तो म्हणजे वाट पाहण्याचा. विमान शनिवारी आणि काम मंगळवारी निघालं, तर सव्वादोन तासांच्या प्रवासासाठी चार दिवस थांबायचं. पंजाब किंवा जम्मूकडे सैन्यात असलेल्या मुलाला घरच्या दुःखद बातमीवर निघायचं असेल तर असं विमान असून नसल्यासारखं.

वर हवामान. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली आणि पंजाबात दाट धुकं पडतं आणि विमानं तासन् तास रखडतात. घुमानचा बेत त्या दोन महिन्यांत आखला तर एक दिवस हातचा ठेवलेला बरा. सीमेवरच्या परिस्थितीचाही परिणाम होतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव वाढला तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद ठेवले होते. त्यात अमृतसरही होतं.

तिकीट काढताना इथे फसगत होते

पहिली गोष्ट, 'दिल्ली' म्हणजे एकच विमानतळ नव्हे. हिंडन गाझियाबादला आहे आणि इंदिरा गांधी विमानतळ पालमला. दोन्हींमध्ये दिल्लीची सगळी गर्दी पार करायची. एक विमान हिंडनला उतरणारं आणि पुढचं इंदिरा गांधीवरून सुटणारं काढलं, तर मध्ये किमान चार-पाच तास हवेत. तिकिटावर हिंडनसाठी 'एचडीओ' आणि इंदिरा गांधीसाठी 'डीईएल' अशी तीन अक्षरं इंग्रजीत असतात. ती पाहावीत. नांदेडचं चिन्ह 'एनडीसी', अमृतसरचं 'एटीक्यू', आदमपूरचं 'एआयपी'.

मुंबईचंही आता तसंच झालं आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. त्यामुळे मुंबईचं तिकीट सांताक्रूझचं 'बीओएम' आहे की नवी मुंबईचं 'एनएमआय', हे आधी बघायचं. परळच्या दवाखान्यात जाणाऱ्याला आणि पनवेलच्या नातेवाइकाकडे जाणाऱ्याला हा फरक दीड-दोन तासांचा पडतो.

दुसरी गोष्ट, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी येत नाही. तिकीट बुडतं. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असतील तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. थोडे पैसे जास्त गेले तरी वयस्क माणसांसाठी एकच तिकीट सुरक्षित.

तिसरी गोष्ट, आदमपूर आणि हिंडन हे हवाई दलाचे तळ आहेत. तिथे विमानातून किंवा बाहेर मोबाईलवर फोटो-व्हिडिओ काढायचा मोह टाळावा.

चौथी गोष्ट, सहा महिन्यांपूर्वीच्या बातमीवर किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या वेळापत्रकावर विसंबू नये. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलतं. तिकीट काढायच्या दिवशी कंपनीच्या ॲपवर किंवा जवळच्या तिकीट एजंटकडे खात्री करून घ्यावी.

मागणी कशाची करायची?

निवडणूक आली की जिल्ह्याला विमानतळ हवा अशी चर्चा रंगते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, तेव्हापासून मोठ्या सोयींसाठी शेजारच्या जिल्ह्याकडे पाहायची सवय लागली आहे, हे खरं. पण ८५-९० किलोमीटरवर नांदेडची धावपट्टी असताना आणि तिथेच विमानं टिकत नसताना नवी धावपट्टी बांधून प्रवाशाचा वेळ किती वाचेल, हे आधी विचारायला हवं.

वेळ वाचवायचा तर हात घालायची जागा जमिनीवर आहे. विमानाच्या वेळेला जुळणारी हिंगोली-नांदेड विमानतळ एसटी असली तर भाड्याच्या गाडीचे दोन-अडीच हजार वाचतात. अर्धापूर ते विमानतळ रस्त्यावर कोंडी झाली नाही तर अर्धा तास वाचतो. आणि पंजाबचं थेट विमान आठवड्यातले ठरलेले दिवस, ठरलेल्या वेळी, वर्षभर राहिलं तर पाच-सहा तास वाचतात. या तिन्ही गोष्टींना नव्या विमानतळाच्या खर्चाचा अगदी छोटा भाग पुरेल.

प्रवासी मिळणार नाहीत, ही सबब आता पूर्वीएवढी चालणारी नाही. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे देश-विदेशातले शास्त्रज्ञ येणार, त्यांना उतरायला नांदेडच आहे. वसमत-हिंगोलीच्या हळदीचा बाजार मोठा आहे. हळद ट्रकने जाते, पण व्यापारी विमानाने येऊ शकतात. पंजाबातून नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात वर्षभर भाविक येतात. त्यातले काही जण 'भगत नामदेवां'चं गाव पाहायला नर्सीपर्यंत आले, तर जाताना भरलेलं विमान येतानाही भरलेलं राहील. कंपनीला हाच हिशोब लागतो. दोन्ही बाजूंनी प्रवासी मिळाले तर मार्ग टिकतो. एका बाजूने रिकामं आलं की बंद.

नामदेव महाराजांच्या काळात हे अंतर पायी तोडायचं म्हणजे दिवसाला २५ किलोमीटर चाललं तरी अडीच महिन्यांच्या वर लागत असणार. रेल्वेने ते दीड दिवसावर आणलं, विमानाने सव्वादोन तासांवर. पण नर्सीच्या माणसासाठी ते आजही कधी नऊ तास, कधी पंधरा तास, तर कधी चार दिवस थांबून नऊ तास असं आहे. पुढच्या वेळी 'पंजाब आता दोन तासांवर' अशी बातमी आली तर वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. आठवड्यातले किती दिवस? किती महिन्यांसाठी? आणि पहाटे हिंगोलीहून विमानतळाला गाडी कोणती? या तिन्हींची उत्तरं मिळाली, तरच तो वेळ हिंगोलीकरांच्या कामाचा.